पुण्यात दुचाकीचं ऑइल बदलताना पैसे नक्की कुठे वाचतात?

कर्वेनगरकर (धागाकर्ता)

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "बाइकमध्ये कुठलं ऑइल टाकू?" मग दहा जण दहा कंपन्यांची नावं सांगतात. कंपनीचं नाव ही खरं तर शेवटी ठरवायची गोष्ट आहे. पैसे वाचतात किंवा जातात ते त्याआधीच. घरात दोन-तीन दुचाक्या असतील, आणि पुण्यात त्या असतातच, तर हा खर्च निम्म्यावर आणता येतो. इंजिनाला त्याचा काही त्रास होत नाही.

सगळ्यात मोठी गळती किलोमीटरच्या हिशोबात आहे. "दोन हजार झाले, ऑइल बदला" हे वाक्य गॅरेजमध्ये आजही ऐकू येतं. ते जुन्या इंजिनांच्या आणि जुन्या तेलांच्या काळातलं आहे. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून बघा. स्प्लेंडरच्या पुस्तिकेत दर ६००० किमीला बदल आणि मध्ये ३००० ला पातळी बघून भर, असं दिलंय. बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) ॲक्टिव्हालाही ६०००. काही मोठ्या गाड्यांना तर १०,००० किमी सांगितलेत. महिन्याला हजार किमी रनिंग धरा (वाघोलीहून हिंजवडीला जाणाऱ्याचं याहून जास्तच होतं). वर्षाचे झाले १२,०००. दोन हजाराला बदलायचं तर सहा बाटल्या, सहा हजाराला तर दोन. बाटली ४५० रुपयांची धरली तर २७०० आणि ९००. एवढा फरक कुठलीही ऑनलाइन सूट देणार नाही.

मात्र पुस्तिकेतला आकडा बऱ्यापैकी सरळ वापरासाठी असतो. आपलं रोजचं चालवणं तसं नाही. विद्यापीठ चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली गाडी पंधरा मिनिटं रांगत असते. एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागत नाही, तेल तापतच राहतं, आणि ओडोमीटरवर त्याची नोंद होत नाही. याच्या उलट दुसरा वापर असतो: घर ते मंडई, मंडई ते घर. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद होतं. मग आत साठलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं. या दोन्ही वापरांत मी ६००० च्या जागी ४००० ला बदलतो. आणि किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षातून एकदा बदल हवाच.

आता बाटलीवरचे आकडे. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतला. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, २०डब्ल्यूची उणे १५ वर. पुण्यात पाषाण-शिवाजीनगरचा पारा डिसेंबर-जानेवारीत सहसा सात-आठच्या आसपास उतरतो, क्वचित त्याखालीही. म्हणजे गाडी चालू होण्यापुरतं बोलायचं तर तिन्ही तेलं आपल्याला पुरतात. पातळ तेल सकाळी इंजिनाच्या वरच्या भागात लवकर पोचतं, एवढा फायदा आहेच.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ऑइल पंप आणि आतली फट कंपनीने एका दाटपणाला धरून ठरवलेली असते. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "आपल्याकडे ऊन फार" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं की सकाळी गाडी जड वाटते आणि ॲव्हरेज उतरतं. पल्सर १५० सारख्या गाडीला पुस्तिकेतच २०डब्ल्यू-५० दिलेलं असेल तर तेच टाकायचं. तिथे पातळ तेलाचा प्रयोग करू नका.

आणि ज्याकडे जवळजवळ कुणी बघत नाही, ती बाटलीच्या मागची बारीक अक्षरातली ओळ: जासो एमए, एमए२ किंवा एमबी. हे जपानी मानक खास चार स्ट्रोक दुचाकींसाठी आहे. कारमध्ये क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. आपल्या गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघेही एकाच तेलात बुडालेले. कारच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. ती पिस्टनला चांगली, पण क्लच प्लेटला नेमकं घर्षणच हवं असतं. ते कमी झालं की कात्रजचा घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून गिअरच्या बाइकला एमए किंवा एमए२, आणि गिअरलेस स्कूटरला एमबी. एमएचेच पुढे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग आहेत. एमए२ मध्ये क्लचची पकड एमए१ पेक्षा वरच्या पट्टीतली असते.

त्याच लेबलवर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं मानक) एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी अक्षरं असतात. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं मानक नवं. पुस्तिकेत एसएल असेल आणि बाटलीवर एसएन, तर चालतं, फक्त शेजारी जासोची ओळ हवी.

तुमच्या गाडीत काय टाकता, किती किमीला बदलता, लिहा. फसवणुकीचे अनुभवही लिहा, फक्त दुकानांची नावं नकोत.

नानापेठी

माहिती पटली. माझं स्पेअर पार्टचं काम आहे, म्हणून खरेदीबद्दल थोडं.

गिऱ्हाईक बाटलीची किंमत विचारतं, मिली विचारत नाही. ८००, ९०० मिली आणि एक लिटर, तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर वरून सारख्याच दिसतात. आधी गाडीला किती लागतं ते बघा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना लिटरच्या आतच लागतं. तिथे लिटरची बाटली घेऊन उरलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणून सगळंच ओततात. जास्त तेलाने इंजिनात दाब वाढतो, फेस होतो, आणि तेल एअर फिल्टरच्या डब्यात येऊन बसतं. बुलेटसारख्या गाडीला दोन लिटरच्या वर लागतं. तिथे एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घेण्यापेक्षा अडीच लिटरचा कॅन बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

सरकारी कंपन्यांची तेलं लोक उगीच कमी समजतात. इंडियन ऑइलचं सर्व्हो, हिंदुस्थान पेट्रोलियमचं रेसर, भारत पेट्रोलियमचं मॅक. लेबलवर तुमच्या गाडीचा ग्रेड (१०डब्ल्यू-३० सारखा आकडा) आणि जासो असेल तर डोळे मिटून घ्या. साधं मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं) तेल लिटरला चारशेच्या आगेमागे मिळतं, पूर्ण सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने घडवलेलं) त्याच्या दुपटीच्या वर जातं.

खोट्या मालाबद्दल. नकली तेल बहुतेक वेळा खऱ्या बाटलीतच येतं. रिकामी बाटली गॅरेजबाहेर धड राहिली की ती कुठे जाते ते विचारू नका. म्हणून ऑइल बदललं की बाटली आडवी कापा, मगच कचऱ्यात टाका. घेताना झाकणाची कडी अख्खी आहे का, झाकणाखालचं सील आहे का, बॅच नंबर खोडलाय का, हे बघा. छापील किमतीवर दहा-पंधरा टक्के सूट मी पण देतो. निम्म्या किमतीत कुणी देत असेल तर ते तेल नाही.

रोज_वाघोली_हिंजवडी

वडिलांच्या डिझेल गाडीसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४० च्या पाच लिटरच्या कॅनमध्ये लिटरभर उरलंय. इंटरनेटवर अमेरिकेतले बाइकवाले ट्रकचं ऑइल सर्रास टाकतात असं वाचलं. माझ्या १५० सीसी बाइकमध्ये टाकू का? तेवढेच चारशे रुपये वाचतील.

कर्वेनगरकर

अमेरिकेत ती जुनी पद्धत आहे हे खरं. शेलचं रोटेला त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण त्याच्या काही बाटल्यांवर जासो एमए लिहिलेलं असतं, म्हणून तिथले लोक निर्धास्त असतात. तुमच्या कॅनवर ती ओळ आहे का बघा.

तुमची शंका अगदीच अडाणी नाही. घर्षण कमी करणारी द्रव्यं मुख्यतः ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा पेट्रोल कारच्या पातळ तेलांत असतात. डिझेलच्या १५डब्ल्यू-४० मध्ये ती सहसा नसतात, त्यामुळे क्लच लगेच घसरेल असं नाही. पण दोन गोष्टी आहेत. डिझेल तेलात काजळी धुणारी रसायनं जास्त, म्हणून जळल्यावर राखही जास्त. जासोने सल्फेटेड राखेवर १.२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि बरीच डिझेल तेलं तिच्या वर जातात. शिवाय आपल्या बाइकचं तेल गिअरच्या दातांमध्ये चिरडलं जातं. तिथे दाटपणा टिकवणं हे बाइकच्या तेलाचं खास काम आहे. जासोला फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के हवा असतो, कारण गिअर आणि कॅमची झीज तोच रोखतो.

कॅनवर जासो नसेल तर टाकू नका. ते लिटरभर वडिलांच्या गाडीत भर घालायला उपयोगी पडेल, म्हणजे पैसे तिथे वाचलेच.

पेठेतली_ॲक्टिव्हा

दादा, स्कूटरवाल्यांसाठी थोडं विस्ताराने लिहाल का? मला सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), ऑइल ट्रीटमेंट, "कन्झ्युमेबल्स" असं लावून बिल दिलं जातं. मागच्या वेळी ऑइलच्या किमतीपेक्षा या बाकीच्या ओळींची बेरीज जास्त होती. नको म्हटलं तर "वॉरंटीला प्रॉब्लेम येईल" म्हणाले. आणि माझ्या स्कूटरमध्ये भावाच्या बाइकचं उरलेलं एमए२ चालेल का?

कर्वेनगरकर

ताई, चालेल. तुमच्या स्कूटरचा क्लच मागच्या बाजूला, कोरडा, बेल्टच्या डब्यात असतो. इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. एमबी तेल थोडं जास्त निसरडं, म्हणून ॲव्हरेजला बरं. एमए२ ने बिघडत काही नाही, फक्त तो किंचित फायदा मिळत नाही. ग्रेड मात्र पुस्तिकेतलाच ठेवा, १०डब्ल्यू-३०. उलटं कधी करू नका: स्कूटरचं एमबी गिअरच्या बाइकमध्ये नको.

फ्लश आणि ट्रीटमेंट पुस्तिकेच्या वेळापत्रकात आहेत का, एवढंच काउंटरवर विचारा आणि पान उघडून समोर ठेवा. तिथे नसतील तर ते न केल्याने वॉरंटी जात नाही. चांगल्या तेलात धुणारी रसायनं आधीच असतात. जॉब कार्डवर सही करण्याआधी "यादीबाहेरचं काही नको" असं पेनाने लिहा. तोंडी सांगितलेलं आतल्या मेकॅनिकपर्यंत पोचत नाही. वॉरंटी चालू असेपर्यंत सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करा आणि बिलं जपा. पहिल्या सर्व्हिसचा ऑइल बदल तर चुकवायचाच नाही. नव्या इंजिनाचा धातूचा कीस त्याच तेलातून बाहेर येतो.

स्कूटरला मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. अगदी थोडं लागतं, म्हणून सगळेच विसरतात. बिलात ते कधी आलंय का, जुनी बिलं काढून बघा.

ताम्हिणी_सिंगल

घाटात जाणाऱ्यांचं काय? माझी केटीएम ३९० आहे, १५डब्ल्यू-५० पूर्ण सिंथेटिक कंपनीनेच सांगितलंय. मित्र म्हणतो सेमी टाक, दर तीन हजाराला बदल, तेवढ्यातच पडतं.

कर्वेनगरकर

कंपनीने पूर्ण सिंथेटिक सांगितलं असेल तर तिथे काटकसर नको. ते इंजिन जास्त फिरतं, जास्त तापतं. पण याचा अर्थ शंभर सीसी गाडीवाल्यानेही सिंथेटिक घ्यावं असा नाही. सिंथेटिकचा पैसा उच्च तापमानात आणि जास्त किलोमीटर टिकण्यात वसूल होतो. घेतलं सिंथेटिक आणि बदललं दोन हजाराला, तर दुप्पट पैसे गटारात. सेमी म्हणजे मिनरलमध्ये थोडं सिंथेटिक मिसळलेलं. किती मिसळलंय ते बाटलीवर सहसा लिहीत नाहीत, म्हणून 'सेमी' या एका शब्दासाठी मी जास्त पैसे मोजत नाही.

जुना_गॅरेजवाला

माझं गॅरेज होतं हडपसरला, आता मुलगा बघतो. धाग्यात सगळं बरोबर आहे, पण ६००० हा आकडा वाचून कुणी निश्चिंत होऊ नये.

आमच्याकडे इंजिन बसलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेक जुन्या तेलाने बसलेल्या नसतात. तेल संपल्याने बसलेल्या असतात. शंभर सीसी गाडी, तेल लिटरच्या आत. गाडी सात-आठ वर्षांची झाली की रिंग आणि व्हॉल्व्ह सीलमधून थोडं थोडं जळतं. धूर दिसतोच असं नाही. हजार किमीला शंभर मिली गेलं तरी चार हजारात निम्मं तेल उडालं. राहिलेल्या निम्म्यावर तुम्ही कात्रज चढता. मग पिस्टन-ब्लॉक किट, कॅम, मजुरी. ऑइलवर वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात जातात, वर पाच-सात हजार वेगळे.

आम्ही "दोन हजाराला बदला" सांगायचो ते एवढ्यासाठी. गिऱ्हाईक डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी कांडी) बघत नाही हे आम्हाला माहीत असतं. बदलायला आला म्हणजे निदान पातळी तरी पूर्ण होते.

कर्वेनगरकर

काका, हे मूळ लेखात ठळक यायला हवं. दोन हजारामागचं कारण इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. मग हिशोब असा: जुनी गाडी असेल तर दर पंधरा दिवसांनी, किंवा महिन्यातून दोनदा टाकी फुल करताना, पातळी बघायचीच. बघत असाल तर चार हजारापर्यंत जा. बघणं होणार नसेल तर काकांचं ऐका, अडीच हजाराला बदला, ते पैसे वाया नाहीत.

बघायची पद्धतही सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी. पार्किंगच्या उतारावर नको. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेल खाली उतरायला तेवढाच वेळ द्या. हीरो-होंडाच्या धाटणीच्या गाड्यांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवली की पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पल्सर आणि बुलेटला काचेची खिडकी आहे, तिथे गाडी सरळ उभी धरून दोन खुणांच्या मध्ये बघायचं.

रोज_वाघोली_हिंजवडी

घरी बदलायचं म्हटलं तर काय लागतं? लेबर किती वाचतं?

कर्वेनगरकर

लेबर शे-दोनशे वाचतं. पण आपण आणलेलंच तेल आत गेलं, आणि जुनं पूर्ण निघालं, याची खात्री ही खरी कमाई.

इंजिन कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको. खाली पसरट पाटी ठेवा. माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट १७ च्या पान्याने उघडतो, तुमचा बघून घ्या. गोटी पाना किंवा रिंग पाना वापरा. उघड्या तोंडाचा पाना बोल्टची डोकी गोल करतो. सैल झाला की शेवटचे आटे बोटांनी फिरवा, बोल्ट आत दाबून धरा, आणि सुटल्याचं जाणवलं की हात झटकन बाजूला. पहिली धार जोरात येते, पाटीच्या कडेला पडते, मग हळूहळू सरळ खाली. धार बारीक झाली की गाडी डावी-उजवीकडे किंचित कलवा, अजून थोडं निघतं. तोवर बोल्टची ॲल्युमिनियमची चकती बघा. चपटी होऊन कडा वर आल्या असतील तर नवी घाला, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. शेवटचं थेंबथेंब टपकू द्या, घाई नको.

बोल्ट परत लावताना सुरुवात हातानेच. तिरका बसला तर लगेच कळतं, जड लागतो. इंजिनाची खोळ ॲल्युमिनियमची आहे. "गळायला नको" म्हणून पान्यावर पाय देऊन आवळणारे मी पाहिलेत. आटे गेले की लेथवाल्याकडे जाऊन नवे पाडून घ्यावे लागतात. चकती दबेपर्यंत आणि त्यावर थोडं, एवढं पुरतं.

स्प्लेंडरसारख्या गाडीत जाळी असते, ती सर्व्हिसला धुवून घ्या. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत पुस्तिका सांगेल तेव्हा तो बदला, तिथे शंभर-दीडशे वाचवू नका.

सिंहगडरोडकर

एक प्रश्न, एक विनंती. प्रश्न: नवं तेल हजार किमीतच काळं पडतं, म्हणजे खराब तेल का? पावसात मागे आमच्याकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, त्यानंतर तेल चहासारखं दिसत होतं, ते वेगळं का?

विनंती: काळं तेल कुणी गटारात ओतू नका. आमच्या बाजूचे ओढे थेट मुठेत जातात.

जुना_गॅरेजवाला

काळं पडणं चांगलं. तेल आतली काजळी उचलतंय. रंगावरून ऑइल बदलायचं ठरवू नका.

चहासारखं, दुधाळ झालं म्हणजे पाणी शिरलं. ते ताबडतोब काढायचं, किलोमीटर बघायचे नाहीत. मधली एक स्वस्त बाटली टाकून दहा-पंधरा किलोमीटर चालवायची, तीही काढायची, मग चांगलं तेल. पाण्यात बंद पडलेली गाडी किक मारून चालू करायचा प्रयत्न करू नका, ढकलत आणा. रेडिएटरवाल्या गाडीत पाऊस नसताना दुधाळ झालं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) शिरलंय, लगेच दाखवा.

नानापेठी

काळ्या तेलाच्या विनंतीला माझंही अनुमोदन. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. घरी बदलणाऱ्यांनी जुन्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून ओळखीच्या गॅरेजला द्यावं. त्यांच्याकडे पिंप असतं, नेणारा ठरलेला असतो. पाणी किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका, मग ते कुणी घेत नाही. आणि साखळीला लावायला तर नकोच. त्यात धातूचा बारीक कीस असतो, साखळी आणि चक्रं घासली जातात.

पेठेतली_ॲक्टिव्हा

जुनी बिलं काढली. तीन वर्षांत गिअरबॉक्सचं तेल एकदाही नाही, फ्लश मात्र दर वेळी. या शनिवारी पुस्तिका घेऊनच जाणार आहे. उरलेल्या अर्ध्या बाटलीचं काय करायचं तेवढं सांगा, किती दिवस टिकते?

कर्वेनगरकर

झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब, आडवी न ठेवता. वर्षभर निर्धास्त वापरा. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि गाडी मार्करने लिहून ठेवा, म्हणजे भावाच्या बाइकमध्ये चुकून एमबी जाणार नाही. आणि शनिवारी गिअरबॉक्सचं तेल तुमच्यासमोर काढायला सांगा. किती निघालं आणि कसं दिसत होतं ते इथे लिहा.